खिडकीची जागा

उभ्या इंग्लंडात आमच्या तीन घरं पलीकडच्या काकांइतका प्रवास केलेला माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका एका जागी बसलेलाही सापडणार नाही. नॉर्वेच्या खाड्या, इजिप्तचं वाळवंट, जपानच्या घड्याळाला बांधलेल्या आगगाड्या, पेरूच्या डोंगरावरची पडकी शहरं, सगळं त्यांनी एका मुक्कामात पालथं घातलं, आणि तेही बेसिंगस्टोकच्या एका नव्या वसाहतीत, मुलीच्या बैठकीच्या खोलीत, करड्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून, मांडीवर नातू आणि मांडीखाली रिमोट ठेवून. रिमोट मांडीखाली अशासाठी, की नातवाला दात येत होते आणि घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्याला तोच चावायला आवडायचा. जग फिरून आलेली पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना विमानतळावरच्या कॉफीच्या किमतीपलीकडे काही आठवत नाही. काकांना सगळं आठवायचं. न गेलेल्या गावांच्या आठवणी इतक्या निगुतीने ठेवणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

काका नागपूरचे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, त्यातली बरीचशी विदर्भातल्या एका धरणावर. त्यांची मुलगी प्राजक्ता आणि जावई निखिल दोघंही इथल्या बिझनेस पार्कमध्ये आयटीत, आणि त्यांचं बाळ विहान, म्हणजे काकांच्या मांडीवरचा तो रिमोटखाऊ. आता इंग्लंडातल्या आमच्या मराठी घरांची एक रीत सांगितली पाहिजे. इथे आईबाप पाळीपाळीने येतात. व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणून पाळीही सहा महिन्यांची. मुलीचे आईवडील विमानात बसले की मुलाचे उतरतात, आणि मधल्या आठवड्यात घराच्या किल्लीसारखं बाळ या हातातून त्या हातात जातं. कारखान्यातसुद्धा इतक्या चोख शिफ्ट लागत नसतील. नर्सरीच्या फीचा विषय निघाला की आम्हा सगळ्यांना आजी-आजोबांच्या संस्कारांचं महत्त्व एकदम पटायला लागतं. काकांच्या बाबतीत तर जोडीच फोडावी लागली होती. धाकट्या मुलीचं पुण्याला बाळंतपण त्याच सुमारास आलं, तेव्हा काकू पुण्याला आणि काका बेसिंगस्टोकला, अशी भांड्यांची करतात तशी वाटणी झाली. दोन्ही मुलींना एकेक नग मिळाला आणि कोणाचीच तक्रार राहिली नाही.

निघण्यापूर्वी प्राजक्ताने फोनवर त्यांना पढवलं होतं, "बाबा, हीथ्रोवर ऑफिसर विचारेल कशासाठी आलात. फिरायला आलो म्हणून सांगा. टूरिझम, साइटसीइंग. विहानला सांभाळायला आलो असं चुकूनही म्हणू नका, उगाच दहा प्रश्न विचारत बसतात." असं आम्ही सगळेच आपापल्या आईबापांना पढवतो, तेही सांगतात, शिक्का बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते बाळाचे कपडे धुवायला लागतात. त्या वाक्यात काही अर्थ असतो असं कोणाच्या मनातही येत नाही. पण काका सरकारी माणूस. सरकारी अधिकाऱ्यासमोर काढलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी जबानी. त्यांनी हीथ्रोवरच्या अधिकारी बाईला सरळ उभं राहून सांगितलं की मी तुमचा देश पाहायला आलो आहे, विशेषतः स्कॉटलंडचे तलाव. ती हसली म्हणे, आणि म्हणाली, तलाव फार सुंदर आहेत, नक्की पाहा. काका मला हे किती वेळा सांगायचे! आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "आता पाहा लागतेच ना हो. त्या बाईजवळ मी बोलून बसलो."

माझी त्यांची ओळख एका पार्सलमुळे झाली. मी घरून काम करतो, पण कुरिअरवाला नेमका मी मीटिंगमध्ये असताना येतो आणि पार्सल त्यांच्या घरी टाकून जातो. ते आणायला गेलो, तर दार उघडलं ते माकडटोपी, मफलर, कोट आणि चकचकीत पॉलिश केलेले बूट घातलेल्या गृहस्थाने. कडेवरच्या बाळालाही कानटोपी. मला वाटलं, आजोबा-नातू बाहेर निघालेत. मी म्हटलं, "सॉरी हं, तुम्ही निघाला होतात वाटतं." त्यांनी माझा दंड धरून मला आत ओढलं आणि कुजबुजले, "लवकर या, गाडी सुटून राहिली!" आत टीव्हीवर नॉर्वेमधली एक लाल आगगाडी बर्फातून निघाली होती. मी घरात बूट घालून कसं जायचं म्हणून घुटमळलो, तर म्हणाले, ते काढायचे तर काढा, पण पाय गारठतील.

तेव्हापासून मी त्यांचा सहप्रवासी झालो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत इथल्या वाहिन्यांवर प्रवासाचे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवतात, तीच काकांची वेळ. घरातून निघावं तशी त्यांची तयारी असे. गॅस बंद आहे ना, मागचं दार लावलं ना, हे पाहून यायचे. स्टीलच्या डब्यात चिवडा आणि पोळीची गुंडाळी, बाटलीत पाणी, खिशात लवंग, कारण घाटात त्यांना मळमळायचं. सोफ्याचा डावा कोपरा म्हणजे खिडकी, ती त्यांची. उजवीकडे विहान, त्याला ते हाफ तिकीट म्हणत. मी मूळचा पुण्याचा, म्हणून मी गेलो की म्हणायचे, "सरक रे विहान, पुण्याची सवारी आली." मधे जाहिराती लागल्या की स्टेशन आलं. मग तेवढ्यात बाळाचं दूध गरम करायचं, बाथरूमला जाऊन यायचं, आणि संगीत सुरू झालं की पळत येऊन जागा पकडायची. निखिलने एकदा त्यांना कार्यक्रम मधेच थांबवायचं बटण दाखवलं. काकांना ते आवडलं नाही. म्हणाले, "चालत्या गाडीची साखळी ओढायची नसते, जावईबापू." सहारा वाळवंट लागलं त्या दिवशी त्यांनी हीटिंग बंद करून कोट काढला आणि पुठ्ठ्याने वारा घेतला. बाहेर बर्फ पडत होतं. संध्याकाळी घर गारठलेलं पाहून प्राजक्ता त्यांना काय काय बोलली, ते मला माझ्या घरी ऐकू आलं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "उन्हातून आलो बेटा, लक्षात नाही राहिलं."

कार्यक्रम करणाऱ्यांपैकी लांब नाकाचा एक उंच निवेदक त्यांचा लाडका होता. त्याचं नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही, म्हणून तो आपला 'नाकवाला'. नाकवाला जिथे जाईल तिथे काका पाठोपाठ. फक्त तो कोणाच्याही घरात शिरून, शाकाहारी आहे की नाही हे न विचारता ताटातलं उचलायचा, ते त्यांना खपत नसे. "विचार ना बाप्पा आधी," असं ते टीव्हीला सांगत, आणि तो ऐकत नाही म्हणून स्वतः चिवड्याची मूठ भरत. पण पाणी दिसलं की काकांमधला प्रवासी मागे पडायचा आणि खात्यातला माणूस पुढे यायचा. व्हेनिस पाहून म्हणाले, ड्रेनेजचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळालेला दिसतो. कॅनडातला तो प्रचंड धबधबा लागला तेव्हा त्यांच्या घशात घास अडकला. एवढं पाणी खाली जातं आणि एक कालवा काढलेला नाही, याला काय म्हणावं! हॉलंडमधल्या लोकांनी समुद्र बांध घालून अडवलाय हे कळल्यावर मात्र ते बाळासकट उभे राहिले आणि मानवंदना द्यावी तसे दोन मिनिटं उभेच राहिले.

आणि मग एक दिवस नाकवाला स्कॉटलंडला गेला, ग्लासगोच्या वरच्या अंगाला, लॉख लोमंडवर. लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तलाव. डोंगरांच्या मधे पसरलेलं शिसवी रंगाचं पाणी, काठाला एक मोडका लाकडी धक्का. नाकवाल्याने धक्क्याजवळ बसून बूटमोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला आणि थंडीने जोरात ओरडला. मी काकांकडे पाहिलं. सांडवा कुठे आहे, साठा किती, काहीच विचारलं नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्या धरणावर मी मोजपट्टी पाहायला रोज उतरत होतो. मे महिन्यात पाणी इतकं तापे, की म्हशीसुद्धा विचार करून उतरत. आणि जूनपर्यंत मोजायलाच राहत नव्हतं. वरच्या ऑफिसला काय कळवायचं, गाळ?" मग म्हणाले, "गार पाण्यात पाय सोडून उभं राहा लागते एकदा. भरलेल्या तलावात. जायच्या आधी तेवढं झालं तर त्या हीथ्रोच्या बाईजवळही खरं बोलल्यासारखं होईल." त्या दिवसापासून लॉख लोमंडचं नाव 'लोमंड प्रकल्प' पडलं, आणि तो प्रकल्प मंजुरीला गेला.

मंजुरी प्राजक्ता-निखिलकडून यायची होती. आता ही दोघं वाईट माणसं आहेत असं मला म्हणायचं नाही. वाईट माणसांवर चिडता तरी येतं. ही आपल्यासारखीच माणसं. "बाबा, नेक्स्ट वीकेंडला पक्कं," असं प्राजक्ता दर रविवारी मनापासून म्हणायची, आणि मग पुढच्या वीकेंडला निखिलच्या ऑफिसात नवी सिस्टीम सुरू व्हायची असायची, नाहीतर बॉयलरवाला येणार असायचा, नाहीतर विहानला इंजेक्शनचा ताप असायचा, नाहीतर दोघं नुसती दमलेली असायची. दमलेल्या माणसाला कोण काय बोलणार? इतक्या काळात काकांनी प्रत्यक्ष पाहिलेलं इंग्लंड म्हणजे डॉक्टरचा दवाखाना, भारतीय किराण्याचं दुकान, बाळाला झोपवायला ढकलगाडी फिरवायची ती बाग, आणि आमच्या गावातली असंख्य गोल चक्करं. बेसिंगस्टोकमध्ये गाडी कुठेही निघाली तरी आधी चक्कर मारते. काका म्हणायचे, आमच्या नंदीबैलालासुद्धा सरळ चालायची मुभा असते. इंग्लंडात राहून इंग्लंड टीव्हीवर पाहणारा हा माणूस दुधाची तहान ताकावर भागवत होता, आणि गाय दारात बांधलेली होती.

मला राहवेना. एकदा म्हटलं, "काका, शनिवारी मी नेतो तुम्हाला. लोमंड लांब आहे, पण निदान समुद्र तरी दाखवतो. दीड तासात पोचू." ते एकदम दचकले, जसं काही मी घर फोडायची गोष्ट काढली. "नाही नाही हो. मुलीच्या घरी येऊन शेजाऱ्यासंगं फिरलो तर जावयाला कमीपणा नाही का येणार? उद्या कोणी म्हटलं, सासऱ्याला शेजाऱ्याने फिरवलं, तर?" कोण म्हणणार होतं? बेसिंगस्टोकमधल्या इंग्रजांना सासरा म्हणजे काय हेही धड माहीत नाही. पण काकांच्या डोक्यात नागपूरची आळी कायम जागी. मी नाद सोडला. सोडला खरा, पण राग गेला नाही, आणि तो नक्की कोणावर काढावा हेही कळेना.

मग एका दुपारी मला दुसरीच गोष्ट कळली. मी गेलो तेव्हा काका काकूंशी फोनवर बोलत होते. "काल कालव्यावर नेलं होतं प्राजूनं. मोठी बोट. पाऊस होता, पण निखिलरावांनी छत्री धरली. हो ना, माझ्यावर! स्वतः भिजले बिचारे." मी जागच्या जागी थबकलो. कालव्यातली ती बोट आदल्या दिवशी आम्ही दोघांनी याच सोफ्यावरून पाहिली होती, आणि छत्री नाकवाल्यावर धरलेली होती. फोन ठेवल्यावर मी थट्टेने म्हटलं, "काय काका, थापा?" मला वाटलं लाजतील, हसतील. ते विहानच्या नाकाला रुमाल लावत म्हणाले, "हिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. मी घरातच बसून आहे हे कळलं ना, तर प्राजूला फोनवर उभं-आडवं घेईल. म्हणेल, बापाला मोलकरीण करून ठेवला. पोरगी रडेल. तिला काय कमी कामं आहेत? आणि आपण पाहतो ते काही खोटं नाही ना हो. फक्त प्राजूचं नाव लावतो मी." इतके दिवस मी ज्याला म्हाताऱ्याची बढाई समजत होतो, ते सगळं मुलीची अब्रू राखण्यासाठी चाललं होतं. लांब नाकाच्या एका परक्या माणसाने जग दाखवायचं आणि त्याचं पुण्य काकांनी रोज लेकीच्या खात्यावर टाकायचं.

काकांचा व्हिसा संपत आला, आणि अखेर लोमंड प्रकल्पाला मंजुरी मिळाली, ती माझ्या मावसभावामुळे. तो ग्लासगोला डॉक्टर आहे. त्याची आणि निखिलची ओळख माझ्याच घरी झालेली. मे महिन्याच्या बँक हॉलिडेला जोडून त्याने नव्या घराची वास्तुशांत ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. माझी बायको तेव्हा भारतात होती, म्हणून मी निखिलच्याच गाडीतून गेलो. निघताना काकांचा थाट पाहण्यासारखा होता. तेच पॉलिश केलेले बूट, तोच कोट, तोच डबा, खिशात लवंग. फक्त एक वस्तू नवी होती. कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला पांढरा पंचा. मला हळूच दाखवून म्हणाले, "पाय पुसायला."

वास्तुशांत यथासांग झाली. काकांनी पाहुण्यांत बसून तीर्थप्रसाद घेतला, पण लक्ष सगळं दुसऱ्या दिवशीच्या परतीकडे, कारण परत निघण्याआधी लोमंडला जायचं ठरलं होतं. सकाळी निघायला उशीर झाला. विहानने वाटेत रडून रडून आकाशपाताळ एक केलं, आणि लॉखच्या कार पार्कमध्ये गाडी लागली त्याच क्षणी शहाण्या बाळासारखा झोपी गेला. बाहेर बारीक पाऊस. समोर, काचेपलीकडे, तोच मोडका धक्का आणि तेच पाणी. प्राजक्ता मागे वळून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आत्ताच झोपलाय हो. उठवलं तर पूर्ण रस्ता वाट लावेल. तुम्ही पाच मिनिटं बसता का? आम्ही पटकन जाऊन येतो, मग तुम्ही जा. टर्न्स घेऊ." मी म्हटलं, "मी बसतो ना, काकांना जाऊ दे." पण काकाच म्हणाले, "नको हो, तुम्ही जा. जागा झाला आणि मी दिसलो नाही तर घाबरेल तो." ते खरंच होतं. सहा महिन्यांत त्या पोराने डोळे उघडल्यावर काकांशिवाय दुसरं कोणी पाहिलंच नव्हतं.

आम्ही गेलो. प्राजक्ताने आणि निखिलने फोटो काढले, मग माझ्याकडून काढून घेतले, मग पाऊस वाढला. मी धक्क्याजवळ उकिडवा बसलो आणि पाण्यात हात घातला. का घातला, सांगता येत नाही. परत आलो तर विहान जागा होऊन पुन्हा सूर लावून बसला होता. त्याला दूध हवं होतं, लंगोट बदलायचा होता, निखिल फोनवर मोटरवेचा ट्रॅफिक बघत होता. म्हणाला, "बापरे, एम सिक्सवर प्रचंड लाइन आहे. निघायला हवं हं. बाबा, तसंही धुक्यात काहीच दिसत नाहीये. पुढच्या वेळी आलात की नीट येऊ, दोन दिवस काढून." पुढच्या वेळी! मी दार धरून उभाच राहिलो. "दोन मिनिटं, निखिल. काका, चला, मी नेतो तुम्हाला, इथे तर आहे." गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "बसा हो आत. चालत्या गाडीची साखळी ओढायची नसते."

मी त्यांच्या शेजारी बसलो. माझा हात अजून ओला होता, तो त्यांना दिसला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. पंजे तापलेले, बाळाला धरून धरून घामेजलेले. मग म्हणाले, "बरंच गार आहे." खिशातून पंचा काढला, घडी मोडली आणि माझा हात पुसला, बोटांच्या बेचक्यांतून, लहान मुलाचा पुसतात तसा. पुन्हा घडी घालून पंचा खिशात ठेवला. पुढे बसलेल्या प्राजक्ताने आरशातून विचारलं, "बाबा, पाहिलंत ना लोमंड? मस्त आहे ना?" "पाहिलं ना बेटा," काका म्हणाले. "खिडकीचीच जागा होती." मला त्या गाडीतून उतरून चालत बेसिंगस्टोकला जावंसं वाटत होतं.

त्यांना हीथ्रोवर सोडायला निखिलबरोबर मीही गेलो. तिथे काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की जाताना अधिकारी कुठे भेटतो. त्यांनी उत्तर तयार करून ठेवलं होतं. मॅडम, मी तुमचा स्कॉटलंडचा तलाव पाहिला, पाणी फार स्वच्छ आणि थंड आहे. असं इंग्रजीत दोन-तीनदा घोकून झालं होतं. मला सांगवेना, तरी सांगितलं, "काका, इथून जाताना कोणी विचारत नाही. बॅग तपासतात आणि सोडतात." "कोणीच नाही विचारत?" ते म्हणाले. "माणूस पाहून गेला की न पाहता गेला, कोणीच नाही?" मग त्यांनी कोटाची बटणं लावली, निखिलच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेले. चार दिवसांनी निखिलचे आईवडील त्याच विमानतळावर उतरले. फिरायला आलो, असं सांगून. आता डाव्या कोपऱ्यात निखिलचे बाबा बसतात. ते दिवसभर बातम्या लावतात आणि रिमोट उघड्यावर ठेवतात. विहानने त्याची दोन बटणं खाल्ली.

परवा पुण्याहून काकांचा व्हिडिओ कॉल आला. धाकटीचं घर, मागे पाळणा, आणि पुढे काकू. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी मलाच धारेवर धरलं. "तुम्ही होते ना हो सोबत? हे म्हणतात, त्या तलावात गुडघाभर पाण्यात उभे होते. या वयात! प्राजूला काही कळत नाही का? थंडी बाधली असती म्हणजे?" काकूंच्या खांद्यामागे काका उभे होते, अगदी सरळ, हीथ्रोच्या त्या बाईपुढे उभे राहिले असतील तसे, आणि माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "काय सांगू काकू, आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ऐकतच नव्हते. प्राजक्ताने शेवटी हाताला धरून बाहेर काढलं, पाय पुसले, तेव्हा कुठे गाडीत बसले." काकूंनी कपाळावर हात मारला, पण चेहरा फुलला होता. लेकीने पाय पुसले म्हणजे काय थोडं झालं?

काकांनी फोन आपल्याकडे घेतला. विहानची चौकशी केली, दात किती आले विचारलं. मग आवाज चढवून, काकूंना ऐकू जाईल असा, म्हणाले, "चला, ठेवतो. धाकट्या जावयांनी टीव्हीला फोन जोडून दिला आहे. आज आपल्या नाकवाल्याचं लोमंड लावून राहिलो. हिला दाखवतो मी कुठं उभा होतो ते."

"धक्क्याच्या डाव्या बाजूला दाखवा काका," मी म्हटलं. "तिथे दोन मोठे दगड आहेत ना, त्यांच्या मधे. तिथे पाणी उथळ होतं."

"हो, तिथंच," काका म्हणाले. "तिथंच होतो मी."